बाकाच्या टोकाला बसलेला खेळाडू

प्रिय मित्रा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू तावातावाने म्हणालास, "काका, कॉलेज बास्केटबॉलमध्ये आता पूर्वीसारखे खेळाडूच राहिले नाहीत." तेव्हा बोलता आलं नाही, म्हणून लिहितो. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात अठ्ठावीस हिवाळे काढले, त्यातल्या कितीतरी संध्याकाळी जिममध्ये गेल्या. तुला या खेळावर लिहायचंय, तर हा मुद्दा आधी नीट सोडव.

दर्जा घसरला म्हणतोस, तो नक्की कोणाचा? टिम डंकन चार वर्षं वेक फॉरेस्ट विद्यापीठाकडून खेळला आणि 1997 मध्ये एनबीए या व्यावसायिक लीगच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात, पहिला निवडला गेला. माणसं त्याला चार वर्षं वाढताना बघत होती. पण त्याच सुमाराला, 1995 मध्ये केविन गार्नेट आणि 1996 मध्ये कोबी ब्रायंट शाळेतून थेट एनबीएत गेले. 2003 मध्ये लेब्रॉन जेम्स गेला. 2006 च्या ड्राफ्टपासून अमेरिकन मुलांना वय 19 आणि शाळा संपून एक वर्ष, अशी अट आली. तेव्हापासून सर्वांत गुणी मुलगा बहुधा एकच हंगाम कॉलेजात दिसतो. जुन्या प्रेक्षकाला हुरहुर वाटते ती या ओळखीच्या चेहऱ्यांची. ती खरी आहे, पण ती म्हणजे एकूण दर्जा नव्हे.

कॉलेज बास्केटबॉलच्या सर्वांत वरच्या, पहिल्या डिव्हिजनमध्ये 360 हून जास्त संघ आहेत. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये वर्षाला फार तर 60 नावं, त्यातही काही परदेशातून थेट आलेली. म्हणजे तू ज्यांच्याबद्दल वाद घालतोयस, ती जवळजवळ सगळी मुलं एनबीएत कधीच जाणार नाहीत. त्यांचा खेळ कसा आहे, हे बघायला हवं.

2025 च्या राष्ट्रीय कॉलेज स्पर्धेतला ड्यूक आणि ह्यूस्टन या विद्यापीठांचा उपांत्य सामना पुन्हा बघ. ड्यूककडे कूपर फ्लॅग, कॉन कनिपल आणि खमान मलुआच होते. तिघंही दोनअडीच महिन्यांनी ड्राफ्टच्या पहिल्या दहात गेले, फ्लॅग तर पहिलाच. दुसऱ्या अर्धात ड्यूकची आघाडी 14 गुणांपर्यंत गेली होती, तरी ह्यूस्टनने 70–67 ने सामना काढला. शेवटच्या वीसेक सेकंदांत संघ एका गुणाने मागे असताना ह्यूस्टनचा जे'वॉन रॉबर्ट्स फ्री थ्रोच्या, म्हणजे फाउलबद्दल मिळणाऱ्या मोकळ्या फेकीच्या, रेषेवर उभा राहिला. ह्यूस्टनमधलं त्याचं सहावं वर्ष. फ्री थ्रो हा काही त्याचा हुकमी डाव नव्हे, पण दोन्ही आत गेले. गुणवत्ता मोजताना हे तू कुठल्या खात्यात मांडणार?

आता फ्री थ्रोचंच घे. "हल्लीच्या पोरांना साधा फ्री थ्रो जमत नाही," हे वाक्य दर पिढीत ऐकू येतं. रेषा तीच, 15 फुटांवर, आणि समोर अडवायला कोणी नाही. 1960 च्या दशकाच्या मध्यापासून चाळीसेक वर्षं पुरुषांच्या कॉलेज बास्केटबॉलची सरासरी 69 टक्क्यांच्या आसपासच राहिली. ज्यांच्या आठवणीत जुने लोक रमतात, तेही तीनातला एक चुकवतच होते. जिच्या बाहेरून टाकलेल्या बास्केटला तीन गुण मिळतात, ती तीन गुणांची रेषा मात्र 1986–87 मध्ये 19 फूट 9 इंचांवर होती. ती दोनदा मागे सरकली आणि 2019–20 पासून 22 फूट पावणेदोन इंचांवर आहे. तरी आज साडेसहा फुटांपेक्षा उंच मुलगाही तिथून बिनधास्त फेकतो. पूर्वी असा मुलगा बास्केटखालून हलत नसे. त्या बदल्यात बास्केटकडे पाठ करून पायांच्या हालचालींवर गुण काढायची कला कमी झाली. मला ती मनापासून आवडायची, आणि तिथे तुझी तक्रार मला मान्य आहे.

एक चिंता माझीही आहे. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर पैसे कमावता येतात आणि वर्षभर बाहेर न बसता कॉलेज बदलता येतं. वॉल्टर क्लेटन आयोना या लहान विद्यापीठात घडला आणि फ्लोरिडाकडून 2025 चा विजेता झाला. त्याचं चांगलंच झालं, पण आयोनासारख्या संघांनी घडवायचं आणि मोठ्यांनी न्यायचं, हे किती चालणार? तुझ्या लेखात एकूण दर्जापेक्षा गुणी मुलांची ही लहान-मोठ्या संघांतली वाटणी जास्त जागा घेऊ दे.

जानेवारीत ये. आपण एखाद्या लहान कॉलेजच्या जिममध्ये जाऊ, सामन्याच्या तासभर आधी. बाकाच्या अगदी टोकाला बसणारा, ज्याला त्या रात्री दोन मिनिटंही मिळणार नाहीत असा मुलगा सरावात कोपऱ्यातून लागोपाठ तीन गुणांचे नेम मारत असतो. किती आत जातात, ते तू स्वतः मोज. वही आण, आणि जाड कोटही.

तुझा,
काका