इपॉक्सीने चिकटवलेला अ‍ॅल्युमिनियमचा जोड आधी पक्का होता, पावसाळ्यात सुटला. असं का?

बहुतेक वेळा दोष गोंदाचा नसून पृष्ठभागाच्या तयारीचा असतो. कोरड्या हवेत अर्धवट पुसलेला जोडही चांगली ताकद दाखवतो, म्हणूनच फसगत होते. खरी परीक्षा ओलाव्याची. पाणी कडेतून हळूहळू आत शिरतं, ऑक्साइडच्या थरावरून (हवेमुळे अ‍ॅल्युमिनियमवर आपोआप बनणारा पातळ थर) इपॉक्सीला बाजूला सारतं आणि तो थरही कमकुवत करतं. सुटलेल्या पत्र्यावर गोंदाचा मागमूस नसेल तर हेच झालंय असं समजा.

आधी अ‍ॅसिटोनने तेल काढा, मगच पॉलिश पेपर मारा. उलट केलंत तर तेल ओरखड्यांत घोळलं जातं. धूळ पुन्हा अ‍ॅसिटोनने, दरवेळी स्वच्छ फडक्याने पुसा. मग पाणी टाकून बघा: सलग पसरलं तर ठीक, थेंब जमले तर पुन्हा सुरुवात. पूर्ण वाळवून त्याच दिवशी चिकटवा, बोट लावू नका.

कायम ओल्यात राहणाऱ्या जोडाला मात्र एवढं पुरत नाही. तिथे सिलेन प्रायमर (धातू आणि गोंद यांना रासायनिकरीत्या जोडणारा पातळ लेप) किंवा फॉस्फोरिक अ‍ॅसिड अ‍ॅनोडायझिंग (आम्लात वीज सोडून धातूवर गोंद धरणारा ऑक्साइडचा थर बनवणं) हवं. विमान उद्योगाला याची मोठी किंमत मोजावी लागली. 28 एप्रिल 1988 रोजी अलोहा एअरलाइन्सच्या बोइंग 737 चं छत हवाई बेटांजवळ उडत असताना उखडलं आणि एका हवाईसेविकेचा जीव गेला. सुरुवातीच्या 737 विमानांत पत्र्यांचे जोड रिव्हेटसोबत (पत्रे जोडणारे धातूचे खिळे) गोंदानेही चिकटवलेले होते. पृष्ठभागाच्या तयारीतल्या अडचणींमुळे त्यातले काही ओलाव्यात टिकले नाहीत. सगळा भार रिव्हेटांवर आला आणि तिथून तडे गेले.