फुलांची चेरी निवडताना आधी थंडी मोजा

हिवाळे दरवर्षी सौम्य होत चाललेत, तरी अंगणात सोमेई योशिनो ही फुलांसाठी लावली जाणारी जपानी चेरीच लावावी का, असं तुम्ही विचारलंय. माझं मत विचाराल तर फुलांचे फोटो सध्या बाजूला ठेवा आणि आधी तुमच्याकडची थंडी मोजा.

चेरीच्या फुलकळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात आणि हिवाळ्यात झोपी जातात. साधारण ७ अंशांखालचे ठरावीक तास भरले की मगच त्यांना नीट जाग येते. तास अपुरे पडले तर काय होतं, ते मी माझ्या कान्झान जातीच्या चेरीवर पाहिलंय. एका उबदार हिवाळ्यानंतर तिला एकसंध बहर आलाच नाही. एका फांदीवर फुलं, तर शेजारच्या फांदीवर आधी पालवी. टोकाकडच्या कितीतरी कळ्या मिटलेल्याच राहिल्या. त्यातली एक नखाने उकलली, तर आत सगळं तपकिरी, कोरडं. झाड जिवंत होतं, पण मन खट्टू झालं.

उलटा धोकाही आहे. वसंत लवकर तापला की बहर पुढे ओढला जातो. क्योटोत २०२१ साली २६ मार्चलाच पूर्ण बहर आला. तिथल्या तोवरच्या बाराशे वर्षांच्या नोंदींत इतका लवकर तो कधी आला नव्हता. आणि लवकर उमललेली फुलं थंडीच्या उशिराच्या कडाक्यात सापडतात. वॉशिंग्टनमध्ये २०१७ च्या मार्चमध्ये योशिनोचा जवळजवळ निम्मा बहर असाच करपला. म्हणून नुसतं ‘कमी थंडीवर फुलणारी जात घ्या’ म्हणून भागत नाही.

थंडीचे तास कमी आणि उशिराचा कडाकाही नाही, अशी जागा असेल तर तैवान चेरी डोळे मिटून लावा. गडद गुलाबी, घंटेसारखी लोंबती फुलं येतात; ओकिनावात ती जानेवारीतच फुलते. तिचं रक्त कावाझु आणि ओकामे या संकरांतही आहे. ओकामेत फुजी चेरीचा काटकपणा उतरलाय आणि झाड आटोपशीर राहतं, त्यामुळे मधल्या हवामानाला माझी पहिली पसंती तिलाच.

तास भरतात, पण कडाक्याचा नेम नाही? मग ऑटम्नालिस ही चेरीची जात. ती शरदापासून वसंतापर्यंत हप्त्याहप्त्याने फुलते, त्यामुळे एका रात्रीच्या थंडीने फार तर एक हप्ता जातो. फुलं विरळ असतात, हे मात्र आधीच मान्य करा. हिमालयातली पद्मकाष्ठ पावसाळा सरल्यावर फुलते, मधमाश्यांची तर चंगळच. पण कडक हिम तिला सोसत नाही.

योशिनोची रांगच लावायची असेल तर थांबा. ती सगळी कलमं एकाच झाडाची नक्कल असतात, म्हणजे हिवाळा एकीला अपुरा पडला की सगळ्यांनाच पडतो. रांगेत दोन-तीन जाती मिसळा.

जात कुठलीही घ्या, पाणी साचणारी जागा नको. चेरीची मुळं पटकन कुजतात. तापणाऱ्या भिंतीपासून रोप लांब ठेवा आणि आच्छादन खोडाला भिडू देऊ नका.

गेल्या दहा हिवाळ्यांतले ७ अंशांखालचे तास आणि दरवर्षीच्या शेवटच्या कडाक्याची तारीख काढून मला कळवा, मग जात पक्की करू.