दहा तारखेला मोडणारं बजेट आणि रविवारची पंधरा मिनिटं

तुम्ही लिहिलंय की पगार बरा आहे, दर महिन्याला बजेट बनवता, तीन अ‍ॅप वापरून झाले, एक्सेल झालं, तरी दहा-बारा तारखेला सगळं कोलमडतं आणि महिनाअखेरीस क्रेडिट कार्डावर यावं लागतं. आणि खाली विचारलंय की "माझ्यात शिस्तच नाही का?"

शिस्तीचं नंतर बघू. मी स्वतः सहा वर्षं हेच केलंय. एक तारखेला नवीन शीट, रंगीबेरंगी कॉलम, आणि दहा तारखेनंतर ती शीट उघडायचीच नाही, कारण उघडली तर कळेल ना किती उडाले ते. नव्याचे नऊ दिवस म्हणतात ते माझ्या बाबतीत अगदी मोजून खरं होतं.

फरक पडला तो एका मैत्रिणीमुळे. तिच्याही डोक्यावर हप्ते होते, तिचीही तीच बोंब. आम्ही ठरवलं की दर रविवारी पंधरा मिनिटं फोन करायचा आणि एकमेकींना आकडे दाखवायचे. आता अडचण अशी की मला माझा पगार तिला सांगायचा नव्हता आणि तिलाही तिचा नव्हता, कितीही जवळची असली तरी पगार सांगताना घशाशी येतंच. मग तिनेच युक्ती काढली, की पगार हातात येतो तो १०० धरायचा आणि सगळे खर्च त्या शंभरातले भाग म्हणून सांगायचे. रक्कम गुप्त राहते पण हिशोब उघडा पडतो. ही एवढी एक गोष्ट जरी तुम्ही उचललीत तरी माझं उत्तर टाइप केल्याचं सार्थक झालं.

पहिल्या रविवारी मी वाचून दाखवलं: घरभाडं ३०, हप्ते १४, किराणा १६, वीज-फोन-प्रवास मिळून ११, बचत ५, किरकोळ २४.

ती म्हणाली, "किरकोळ म्हणजे काय गं?"

"म्हणजे असंच, इकडचं तिकडचं."

"अगं पण किराणा १६ आणि किरकोळ २४?"

मी गप्प. सहा वर्षं हा आकडा माझ्या समोर होता आणि मला एकदाही विचित्र वाटला नव्हता, कारण शीटमधला कॉलम काही तुम्हाला प्रश्न विचारत नाही. मग फोन चालू ठेवूनच बँकेचं स्टेटमेंट उघडलं आणि एकेक ओळ वाचत गेले. ९ भाग बाहेरून मागवलेलं जेवण आणि रात्री अकरानंतर केलेली ऑनलाइन खरेदी (वेळ बघून मलाच हसू आलं). ३ भाग सबस्क्रिप्शन, पाच होती, त्यातली दोन मी विसरूनही गेले होते. ७ भाग लोकांना दिलेले, म्हणजे भेटवस्तू, वर्गणी, आणि "उद्या देतो" म्हणून नेलेले जे कधी परत आले नाहीत. उरलेले ५ कशाचे ते शेवटपर्यंत कळलं नाही. आंधळं दळतंय, कुत्रं पीठ खातंय.

आता कुणाला निवडायचं, कारण यात लोक हमखास चुकतात. घरखर्च नवरा-बायकोने मिळून बघायचाच असतो, त्याबद्दल वाद नाही, पण या रविवारच्या कामाला शक्यतो जोडीदार नको. पैसे दोघांचे असले की तिसऱ्या मिनिटाला "तूच तर म्हणालेलास घेऊया" सुरू होतं आणि हिशोब राहतो बाजूला. आईवडील नकोत, ते काळजी करतात. ज्याचे पैसे तुम्ही देणं लागता तो तर अजिबात नको. असा माणूस हवा ज्याला तुमच्या खर्चाने फायदा-तोटा काहीच नाही आणि जो स्वतःचेही आकडे दाखवायला तयार आहे. एकतर्फी दाखवलंत की ती हजेरी होते, आणि हजेरीला माणूस दांडी मारतोच. अजून एक, मैत्रिणीची परवानगी मागायची नाही. ती माझी साहेब नाहीये, मी घ्यायचं ते घेते, फक्त रविवारी सांगावं लागेल एवढं डोक्यात असतं आणि तेवढ्यानेच निम्मी खरेदी कार्टमध्येच राहते.

फोनवर बोलायचं तीनच गोष्टींवर: किती उरलं, किती दिवस उरले, आणि न ठरवलेलं काय झालं. समजा १८ भाग उरलेत आणि १२ दिवस आहेत, म्हणजे दिवसाला दीड. हा दीड डोक्यात ठेवून आठवडा काढायचा. मोठी शीट कितीही सुंदर असली तरी खरेदी करताना ती आठवत नाही, दीड आठवतो.

तुमचं बजेट दहा तारखेलाच का मोडतं त्याबद्दल माझा अंदाज सांगते. तुम्ही ते चांगल्या महिन्यासाठी बनवताय. कानमन आणि ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली ह्याच खोडीबद्दल लिहिलंय, माणूस पुढचं ठरवताना सगळं सुरळीत पार पडेल असं धरून चालतो, मागच्या वेळी काय झालं होतं ते बघतच नाही. माझा दर वर्षी "अचानक" विम्याचा हप्ता यायचा, अहो तारीख ठरलेली आहे त्यात अचानक काय! मग मी वर्षातून एकदा-दोनदा येणारे सगळे खर्च लिहून काढले, विमा, फी, दुरुस्ती, प्रवास, औषधपाणी, बेरजेला १२ ने भागलं, तर महिन्याला ८ भाग निघाले. हे ८ माझ्या बजेटमध्ये कधी नव्हतेच. म्हणजे शंभराचं बजेट मी दर महिन्याला १०८ चं करत होते आणि मोडलं की स्वतःला शिव्या घालत होते.

५०-३०-२० चा नियम तुम्ही ऐकला असेलच, गरजा ५०, हौस ३०, बचत आणि कर्जफेड २०. अमेरिकन राजकारणी एलिझाबेथ वॉरेन आणि त्यांच्या मुलीने २००५ च्या पुस्तकातून तो लोकप्रिय केला. नियम वाईट नाही, पण माझं भाडं, हप्ते, किराणा आणि बिलं मिळूनच ७१ होत होते, मग ५० चा आकडा बघून नुसतं रडायला यायचं. तुम्ही आधी मागच्या तीन महिन्यांचा खरा खर्च काढा आणि तेच पहिलं बजेट धरा, कितीही लाजिरवाणं असलं तरी. त्यातून दर महिन्याला एकाच कॉलममधून दोन भाग कमी करा. सगळीकडे एकदम हात आखडता घेतलात की महिन्याभरात ये रे माझ्या मागल्या.

कार्डाचं थोडक्यात. महिन्याला ३ टक्के व्याज ऐकायला किरकोळ वाटतं, पण चक्रवाढीने वर्षाला ४२ टक्क्यांच्या वर जातं, त्यामुळे बाकी ठेवून बचत करण्यात काही अर्थ नाही, आधी ते फेडा. ते फिटलं की बचत मात्र पगाराच्या दिवशीच आपोआप दुसऱ्या खात्यात जाऊ द्या, उरलं तर टाकू म्हटलं तर उरत नाही. आणि गरजा आणि हप्तेच जर शंभराच्या वर जात असतील तर रविवारचा फोन काही कामाचा नाही, मग हप्ता चुकायच्या आधीच कर्ज देणाऱ्याशी बोलून मुदत वाढवून घ्यावी लागते किंवा कमाईचं बघावं लागतं. ते दुखणं वेगळं.

आता शिस्त. चौथ्या महिन्यात मी मैत्रिणीला खोटं सांगितलं. एक हेडफोन घेतला होता, गरज शून्य, तो "घरदुरुस्ती"मध्ये टाकला. दोन आठवडे पोटात गोळा, शेवटी सांगून टाकलं तर ती हसायलाच लागली, तिने तिची अख्खी ट्रिप "औषधपाणी"मध्ये लपवली होती. तेव्हापासून आम्ही दोघींनी एक जादाचा कॉलम ठेवलाय, त्याचं नावच "लाज". त्यात टाकलेल्या खर्चावर समोरचीने काहीही बोलायचं नाही, फक्त आकडा ऐकायचा. आधी आम्हाला वाटलं याने मोकळं रान मिळेल, पण झालं उलटंच, पहिल्या महिन्यात माझा लाजेचा आकडा ७ होता, पुढच्या महिन्यात ३. तेव्हा तुमच्यात शिस्त आहे की नाही मला माहीत नाही, माझ्यात तर अजूनही नाहीये, फक्त रविवारी फोन येतो.

माझं किरकोळ सध्या ६ वर आहे. त्यातले २ कशाचे ते अजून सापडलेलं नाही, आणि परवा रविवार आहे.