मोठ्या नावाची ऑर्डर घेण्याआधी

नाशिक

अनेक आशीर्वाद.

तुझा प्रोजेक्ट रिपोर्ट दोनदा वाचला. अंबडला भाड्याचा गाळा, ८५० टनांच्या ताकदीनं मोल्ड, म्हणजे साचा, बंद धरणारं एक इंजेक्शन मोल्डिंग मशीन, एका जुन्या टीव्ही कंपनीची ३२ इंची बॅक कव्हरची ऑर्डर, मोल्डचा खर्च तुझा, पेमेंट ९० दिवसांनी. प्लॅस्टिकच्या दाण्याचा भाव, सायकल टाइम (एक नग निघायला लागणारा वेळ), वीज, मजुरी हे सगळं तू चोख मांडलं आहेस. गिऱ्हाइकाबद्दल मात्र एकच ओळ आहे: ‘नामांकित कंपनी, अनेक वर्षांची परंपरा.’ हे पत्र त्या एका ओळीसाठी लिहितो आहे.

आपल्यापासून साधारण दोनशे किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरच्या पैठण रस्त्यावर चितेगाव आहे. तिथला व्हिडिओकॉनचा कारखाना तुला ऐकून माहीत असेल. १९८२ मध्ये देशात रंगीत प्रक्षेपण सुरू झालं. त्यानंतरच्या काही वर्षांत तोशिबाचं तांत्रिक सहकार्य घेऊन ही कंपनी घराघरात पोचली. आधी टीव्ही, मग वॉशिंग मशीन, फ्रिज, एसी. जून २०१८ मध्ये ती दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. पुढे गटातल्या १३ कंपन्यांचा हिशेब एकत्र धरला गेला आणि मान्य झालेली देणी निघाली सुमारे ६४,८३८ कोटी रुपये. जून २०२१ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणानं जी योजना मंजूर केली, ती होती २,९६२ कोटींची. माल पुरवणाऱ्यांच्या वाट्याला त्यात आले ०.७२ टक्के. एक लाखाच्या बिलामागे ७२० रुपये. यातले बरेच पुरवठादार लघुउद्योजक आहेत आणि तेही यात बुडू शकतात, हे खुद्द न्यायाधिकरणानं आदेशात नोंदवलं. जानेवारी २०२२ मध्ये अपिलात ती योजनाच रद्द झाली, म्हणजे ते ७२० रुपयेही लांबणीवर पडले.

हे आकडे तुला घाबरवायला दिलेले नाहीत. एवढी मोठी कंपनी कशानं खाली आली हे समजलं, तर तुझ्या गिऱ्हाइकाकडे नेमकं काय बघायचं ते कळेल.

पहिली गोष्ट पिक्चर ट्यूबची. जुन्या टीव्हीत सर्वांत महागडा भाग ट्यूब. जाड काच, आत शॅडो मास्क, फॉस्फरचा थर, मागे इलेक्ट्रॉन गन, मानेवर तांब्याच्या तारेचं डिफ्लेक्शन योक. व्हिडिओकॉननं ही साखळी मागेपर्यंत स्वतःकडे घेतली. भरूचजवळ ट्यूबच्या काचेचा कारखानाही गटाकडे होता. ट्यूबचं युग होतं तोवर हीच तिची ताकद होती, कारण सुटे भाग जोडणाऱ्या स्पर्धकापेक्षा तिचा खर्च कमी पडायचा. पण काचेची भट्टी रात्री बंद करून सकाळी पेटवता येत नाही. थंड झाली की आतल्या विटांच्या अस्तराला तडे जातात. मागणी अर्धी झाली तरी भट्टीचा खर्च अर्धा होत नाही. २००५ मध्ये व्हिडिओकॉननं फ्रान्सच्या थॉमसनचा ट्यूबचा धंदा विकत घेतला, त्यात इटली, पोलंड, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने होते. त्यानंतर तीनच वर्षांत, २००८ च्या सुमारास, जगात एलसीडी टीव्हीची विक्री ट्यूबच्या टीव्हीपेक्षा जास्त झाली. थॉमसनसारखी कंपनी हा धंदा सोडून का देते आहे, हा प्रश्न त्या सौद्यातच दडलेला होता असं मला वाटतं.

एलसीडी आली तशी टीव्हीची किंमत ट्यूबमधून पॅनेलमध्ये गेली. पॅनेल कोरिया, तैवान, चीनमधून येणार. मग इथल्या टीव्ही कंपनीच्या हातात काय उरलं? प्लॅस्टिकचं कव्हर, स्पीकर, खोकं, जोडणी आणि नाव.

यावर कोणी म्हणेल, पॅनेलचा कारखाना स्वतःचा असता तर कंपनी तरली असती. जपानची शार्प पाहा. तिच्याकडे पॅनेल होतं. २००९ मध्ये तिनं साकाईला त्या काळातल्या सर्वांत मोठ्या आकाराच्या काचेचा प्रचंड कारखाना उभारला. मागणी आणि भाव दोन्ही पडले, कारखाना पूर्ण क्षमतेनं चालेना, आणि २०१६ मध्ये तैवानच्या फॉक्सकॉननं सुमारे ३८९ अब्ज येन घालून कंपनीचा ताबा घेतला. साकाईतलं टीव्ही पॅनेलचं उत्पादन २०२४ मध्ये थांबलं. म्हणजे महागडा भाग आपल्याकडे असणं पुरेसं नाही. तो कर्ज काढून, एकाच तंत्राला जखडून उभा केला असेल तर तोच गळ्यात अडकतो. तुझं ८५० टनांचं मशीन हे त्याचंच छोटं रूप आहे, त्याकडे शेवटी येतो.

दुसरं कारण, पैसा चारी दिशांना पसरणं. २००८ मध्ये व्हिडिओकॉन गटानं मोबाइल सेवेचे परवाने घेतले. फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं १२२ परवाने रद्द केले, त्यात या गटाचे २१ होते. तेल-वायूतही गुंतवणूक होती. मोझांबिकच्या वायुक्षेत्रातला १० टक्के हिस्सा पुढे २४७.५ कोटी डॉलरला विकला गेला. सौदा चांगलाच झाला, तरी कर्जाचा डोंगर उरलाच. टीव्ही विकून येणारा नफा व्याजाला पुरत नव्हता.

आता तुझ्या गिऱ्हाइकाकडे वळू. कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर थोडं शुल्क भरून ताळेबंद मिळतो. शेवटची तीन वर्षं काढ. दोन आकडे पाहा. व्याज आणि कर वजा होण्याआधीचा नफा भागिले व्याज. हे उत्तर दीडच्या खाली असेल तर सावध हो, एकच्या खाली असेल तर उधारीवर माल देऊ नकोस. दुसरा आकडा, पुरवठादारांचं देणं भागिले वर्षाची खरेदी, गुणिले ३६५. हा आकडा तीन वर्षांत ६० दिवसांवरून ११० वर गेला असेल, तर कंपनी पुरवठादारांच्या पैशांवर चालली आहे. २०२१-२२ पासून ताळेबंदात पुरवठादारांच्या देण्याचा वयानुसार तक्ता द्यावा लागतो, लघुउद्योगांचा वेगळा. ‘एक ते दोन वर्षं’ या रकान्यात लघुउद्योगांसमोर रक्कम दिसली तर आणखी काही विचारायची गरज नाही. पतमानांकन संस्थेचा अहवाल फुकट वाचता येतो. त्यात ‘कंपनी माहिती देत नाही’ असा शेरा असेल तर तो नापासाच्या शेऱ्याइतकाच गंभीर धर.

कागदाच्याही आधी गेटवर कळतं. त्यांना माल देणाऱ्या दोन जुन्या व्हेंडरांना भेट, आयमा किंवा निमा या इथल्या उद्योजक संघटनांच्या ओळखीतून सापडतील. त्यांना विचार: गाडी किती वेळ उभी राहते? जीआरएन, म्हणजे माल मिळाल्याची पावती, किती दिवसांनी निघतो? महिनाअखेरीला रिजेक्शनच्या डेबिट नोटा (बिलातून पैसे कापल्याच्या चिठ्ठ्या) अचानक वाढतात का? खरेदी विभागातली माणसं वर्षात किती बदलली? आणि सगळ्यात महत्त्वाचं, ‘या वेळी बिल आमच्या दुसऱ्या कंपनीच्या नावानं करा’ असं कधी सांगितलं का? गटातली कंपनी बदलली की तुझा देणेकरी बदलतो. ऑर्डर एकाची, बिल दुसऱ्यावर, डिलिव्हरी चलन तिसऱ्याच्या गोदामाचं, असं झालं तर पुढे दावा सिद्ध करताना दमछाक होते.

पैशांचा हिशेब तू ९० दिवसांवर केला आहेस. ते ९० दिवस बिलापासून की जीआरएनपासून? बहुतेक ठिकाणी जीआरएनपासून. तो निघायला १५ दिवस धर, म्हणजे १०५. महिन्याला २० लाखांचा माल, १८ टक्के जीएसटी धरून बिल २३.६० लाखांचं. साडेतीन महिन्यांचे सुमारे ८२.६० लाख बाहेर अडकले. दाण्याची खरेदी वजा जाता उरलेला जीएसटी पुढच्या महिन्याच्या २० तारखेला तुझ्या खिशातून जाणार. दाणेवाला ३० दिवसांहून जास्त थांबत नाही. आणि बँका साधारणपणे ९० दिवसांपलीकडचं येणं ड्रॉइंग पॉवरमध्ये, म्हणजे किती कर्ज उचलता येईल या हिशेबात, धरत नाहीत. म्हणजे गिऱ्हाईक जेव्हा उशीर करतं, नेमकी तेव्हाच तुझी सीसी (कॅश क्रेडिट) कर्जाची मर्यादा आकसते. छोटे कारखाने नफ्यात असताना बंद पडतात ते या कात्रीत सापडून.

उद्यम नोंदणी, म्हणजे लघुउद्योग म्हणून सरकारी नोंद, पहिल्या बिलाच्या आधी कर, नंतर केलेली मागच्या बिलांना लागू पडेल असं समजू नकोस. नोंदणी असली की कराराची मुदत काहीही असो, ४५ दिवसांत पैसे देणं कायद्यानं बंधनकारक आहे. उशिराला रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. सूक्ष्म आणि लघुउद्योगाचं बिल या मुदतीत न भरणाऱ्या कंपनीला तो खर्च आयकरात प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी वजा मिळतो. १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर तिला जीएसटीचं क्रेडिटही परत करावं लागतं. चालू गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार करायला कोणी धजत नाही, हे खरं आहे. म्हणून भांडण टाळून आधीच सुचव: बिलं ट्रेड्सच्या (लघुउद्योगांची बिलं बँकांना विकायच्या ऑनलाइन) व्यासपीठावर मान्य करा. कंपनीनं मान्यता दिली की बँक तुला काही दिवसांत पैसे देते आणि वसुली तिच्याकडून करते. कंपनी यालाच नाही म्हणत असेल तर कारण विचार, आणि उत्तर नीट ऐक.

तरीही गिऱ्हाईक दिवाळखोरीत गेलंच, तर जाहीर नोटिशीतली मुदत चुकवू नकोस. ‘फॉर्म बी’ भरून दावा दाखल कर, सोबत पीओ (खरेदीची ऑर्डर), बिलं, सही-शिक्क्याची चलनं, खातेउतारा. जुनी वसुली तेव्हा थांबलेली असते, पण प्रक्रिया सुरू झाल्यानंतर दिलेल्या मालाचे पैसे प्रक्रियेच्या खर्चात धरले जातात आणि ते आधी मिळतात. म्हणून त्या काळातली बिलं वेगळी ठेव. शक्यतो आगाऊ पैसे घेऊनच माल दे.

आता मशीन. ३२ इंची कव्हर साधारण ७३ बाय ४३ सेंटिमीटर, म्हणजे ३,१३९ चौरस सेंटिमीटर. दर चौरस सेंटिमीटरला ०.३ टन धरला तर मोल्ड बंद धरायला ९४० टनांची ताकद हवी. ८५० टनांवर या भागाच्या कडेला फ्लॅश, म्हणजे साच्याच्या फटीतून बाहेर आलेलं जादा प्लॅस्टिक, येईल, रिजेक्शन वाढेल, आणि तुझ्या सायकल टाइमचं गणित बिघडेल. म्हणजे ही ऑर्डर नीट करायची तर याहून मोठं मशीन हवं, आणि ते गिऱ्हाईक गेलं तर त्याला काम कोण देणार? त्याऐवजी १८० टनांची दोन मशीनं घे. १५ बाय १२ सेंटिमीटरचं स्विचगिअरचं हाउसिंग दोन कॅव्हिटीत (एका साच्यात एकदम दोन नग) काढलं तर ३६० चौरस सेंटिमीटर होतं, ०.४ टनांनी १४४ टन. ते १८० वर आरामात निघतं. सातपूर-अंबडमध्ये स्विचगिअर आणि गाड्यांच्या भागांची अशी कामं भरपूर आहेत. टीव्ही कंपनीकडून कव्हर घेऊ नकोस, रिमोट, स्टँड, स्पीकरची जाळी असे छोटे भाग माग. तिचा हिस्सा विक्रीच्या ३० टक्क्यांवर जाऊ देऊ नकोस.

मोल्ड त्यांच्या पैशानं बनवून घे. ते नाहीच म्हणाले तर खर्च दर नगात वसूल होईल असा भाव लाव, किती नगांनंतर तो फिटला हे लिहून घे, आणि ऑर्डर तेवढी झाली नाही तर उरलेली रक्कम कोण भरणार हेही. मोल्डवर मालकाचं नाव आणि क्रमांक कोरून घे, फोटो काढून ठेव.

पीओमधली दोन कलमं मला पाठव: पेमेंटची मुदत कधीपासून मोजतात ते, आणि मोल्डच्या मालकीचं. सोमवारी वाचून कळवतो. तोवर मशीनचा ॲडव्हान्स भरू नकोस.