बाप्तिस्म्यानंतरचे पहिले वर्ष

बाप्तिस्मा होऊन चार महिने झाले तरी राग जात नाही, म्हणून आपला विश्वासच खोटा असावा, अशी शंका तुम्ही लिहिली आहे. ती मनातून काढून टाका. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या (येशूच्या जीवनवृत्ताच्या) 15व्या अध्यायात येशू द्राक्षवेल, आपण तिचे फाटे आणि पिता, म्हणजे देव, हा माळी आहे; फळ देणाऱ्या फाट्यालाच तो छाटून साफ करतो. नाशिककडच्या कोणत्याही द्राक्षबागायतदाराला विचारा: एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी अशी दोनदा कात्री लागल्यावाचून वेलीला धड घड येत नाहीत, आणि छाटलेली बाग काही दिवस अगदी उघडीबोडकी दिसते.

सुरुवातीला दोनच गोष्टी धरा. रोज पवित्र शास्त्रातला, म्हणजे बायबलमधला, लहानसा उतारा वाचा, शक्यतो मार्काच्या शुभवर्तमानातला, कारण ते चार शुभवर्तमानांत सर्वांत लहान आहे. प्रकटीकरण, म्हणजे बायबलचे शेवटचे, कळायला अवघड पुस्तक, सध्या बाजूला राहू द्या. रात्री निजण्यापूर्वी दिवसातले एकच पाप नाव घेऊन देवापुढे कबूल करा. 'माझ्या सर्व चुकांची क्षमा कर' असे मोघम म्हणणे सोपे असते. 'आज दुपारी भावाला मी मुद्दाम टोचून बोललो' हे म्हणताना जीभ अडखळते, आणि काम तिथेच सुरू होते. सकाळी त्या भावाकडे जाणेही त्यातच आले.

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे पहिल्याच महिन्यात चाळीस दिवसांचा उपास मांडणे (मीही मांडला होता, अकराव्या दिवशी घरच्यांवरच खेकसत होतो). दुसरी चूक म्हणजे पुन्हा पापात पडल्यावर लाजेने रविवारची उपासना चुकवणे. पडलात तर त्याच रविवारी या. मागच्या बाकावर बसलात तरी चालेल.