बरणी का फेकलीत?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या दोन पानी पत्रात ‘आम्ही ठरवलं आहे’ हे चार वेळा आलंय. मुलीचं म्हणणं मात्र एकाच वाक्यात: ‘ओल्या बगॅसवरच्या (म्हणजे उसाच्या चोथ्यावरच्या) बुरशीचं खूळ डोक्यात आहे.’ ‘नीट’ परीक्षा दोनदा झाली, आता तिसऱ्यांदा लातूरला पाठवणार. आणि तिची ती बुरशी वाढवायची बरणी उकिरड्यावर फेकल्याचं तर तुम्ही अभिमानाने कळवलंत. स्वयंपाकघरात बुरशी नको, हे मान्य. गोठ्यात ठेव म्हणायचं होतं. क्लास सांभाळून तीन आठवडे रोज वहीत नोंद करणारी एकोणीस वर्षांची मुलगी मला तिच्या गुणांपेक्षा जास्त काही सांगते. तुम्हाला ते ऐकायचंच नाही, याची मला काळजी वाटते.

तुम्ही साखर कारखान्यात आहात, म्हणून विचारता, ‘इथेनॉल आमच्याकडे रोज होतं, त्याला बुरशी कशाला?’ इथेच गल्लत आहे. मळीत साखर तयार असते, यीस्ट ती खाऊन इथेनॉल करतं (तेही बुरशीच्याच कुळातलं, बरं का). बगॅसमधली साखर सेल्युलोजच्या लांब साखळ्यांत अडकलेली, वर लिग्निनचं कवच. यीस्टचं तिथे काही चालत नाही. आधी वाफेने किंवा आम्लाने ते कवच सैल करायचं, मग बुरशीची एन्झाइम्स कामाला लागतात: एक साखळी मधेच तोडतं, दुसरं टोकाकडून दोन-दोन कड्या सोडवतं, तिसरं त्या जोडीचं ग्लुकोज करतं. ते मग यीस्टला खाता येतं. दुसऱ्या महायुद्धात सॉलोमन बेटांवर अमेरिकी सैन्याचं सुती कापड कुजायचं. त्यातून हाती लागलेली ट्रायकोडर्मा रीसाय ही बुरशी आज अशा एन्झाइम्सच्या उद्योगाची कामधेनू आहे. तिची भावंडं तुम्ही कृषी सेवा केंद्रातून पुडीत आणून बियाण्याला चोळता.

आता कटू भाग. यात नोकऱ्यांचा पाऊस नाही. एन्झाइम्स महाग पडतात, आणि अमेरिकेतले असे मोठे प्रकल्प सुरू होऊन काही वर्षांतच बंद पडलेत. तुमच्या कारखान्यातही बगॅस बॉयलरलाच जातो. पण पानिपतला 2022 मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल करणारा प्रकल्प उभा राहिला, त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या प्राज कंपनीचं. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेतही (आयसीटी) यावर काम झालंय.

वाट साधी आहे: बी.एस्सी. मायक्रोबायोलॉजी, मग जॅम किंवा गॅट-बी ही प्रवेश परीक्षा देऊन एम.एस्सी. बारावीला गणित असेल तर सीईटीतून केमिकल इंजिनिअरिंगही. असले प्रकल्प चालवायला तीच माणसं जास्त लागतात.

मात्र यातलं काय घ्यायचं, हे तुम्हाला सांगून उपयोग नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, आणि पाकीट तिलाच चिकटवू द्या. त्यात मला तिसऱ्या आठवड्यातल्या नोंदी हव्यात. वही तरी शाबूत आहे ना?