कर्नल अपडेट झालं अन् वायफाय गेलं!

प्रश्न : दादा, गावात माहं सेवा केंद्र हाय, सातबारा, पीक विमा, लाइट बिल सगळं चालते. जुन्या लॅपटॉपवर विंडोजऐवजी उबुंटू २२.०४ ही लिनक्स सिस्टिम हाय. वायफायचा यूएसबी डोंगल घेतला होता, त्याचा ड्रायव्हर भाच्यानं नेटवरून उतरवून टाकून देल्ला, मस्त चालू होतं. परवा अपडेटले हो म्हटलं, रिस्टार्ट केलं, तं वायफायच दिसेना. कर्नल, म्हंजे सिस्टिमचा गाभा, ५.१५ चं ६.८ झालं म्हणते. जुन्या फोल्डरातली ड्रायव्हरची फाइल नव्यात टाकून पाह्यली, तं 'इनव्हॅलिड मॉड्यूल फॉरमॅट' येते. विम्याची गर्दी तोंडावर हाय, अपडेटच बंद करून टाकू काय?
— एक वाचक, दारव्हा तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : अपडेट बंद नका करू भाऊ, अन् गिऱ्हाईकही परत नका पाठवू. लॅपटॉप सुरू होताना एस्केप दाबा, पण एकदाच बरं का, दोनदा दाबलं की काळ्या स्क्रीनवर नुसतं 'ग्रब' (सिस्टिम सुरू करून देणाऱ्या प्रोग्रामचं नाव) लिहून येते अन् माणूस घाबरते. मशीन फारच जुनी असेल तर शिफ्ट धरून ठेवा. मग 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मधे जा. उबुंटू नवं कर्नल जुन्यावर लिहीत नाही, शेजारी ठेवते, म्हणून ५.१५ तिथंच बसलेलं दिसेल. ते निवडा, वायफाय येईल, आजचं काम निपटवा.

आता झालं काय? ड्रायव्हर म्हणजे कर्नलचं मॉड्यूल, त्याला जोडायचा एक तुकडा, अन् दर कर्नलचं /लिब/मॉड्यूल्स मधे वेगळं फोल्डर असते. उबुंटूचे आपले ड्रायव्हर नव्या कर्नलसोबत नव्यानं बनून येतात, म्हणून तुमचा आवाज, टचपॅड सगळं शाबूत आहे. भाच्यानं हातानं बनवलेलं मॉड्यूल मात्र ५.१५ च्याच फोल्डरात राहिलं, त्याला कोणी बोलावलंच नाही. कॉपी करून चालत नाही, कारण कुठल्या कर्नलसाठी बनवलं याचा शिक्का मॉड्यूलच्या पोटातच असते, त्याला व्हर्मॅजिक म्हणतात, 'मॉडइन्फो' या कमांडनं दिसते, अन् कर्नल तो आधी पाहते. जबरदस्तीनं लोड करायच्या युक्त्या नेटवर सापडतील, त्याच्या नादी लागू नका, आतली मांडणी बदललेली असते अन् मशीन ऐन गर्दीत अडकून बसेल.

कायमचा इलाज डीकेएमएस. डेल कंपनीच्या लोकांनी २००३ मधे काढलेली सोय आहे. ड्रायव्हरचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, तिच्याकडं नोंदवून ठेवला की नवं कर्नल आल्यावर मॉड्यूल आपोआप बनते. फक्त त्या कर्नलचे हेडर्स, म्हणजे मॉड्यूल बनवायला लागणाऱ्या फाइली, पाहिजेत, तुमच्यासाठी 'लिनक्स-हेडर्स-जेनेरिक-एचडब्ल्यूई-२२.०४' हे पॅकेज (टाइप इंग्रजीतच करा, इथं मराठीत छापलं म्हणून फसू नका). नेट नसेल तर मोबाइल केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग करा, त्याचा ड्रायव्हर उबुंटूतच असते. भाच्याला सांगा, सोर्स ताजा घे. लिनक्सवाले कर्नलच्या आतले फंक्शन बिनधास्त बदलतात, ते स्थिर ठेवायची हमी देतच नाहीत, म्हणून ५.१५ ला बनणारा कोड ६.८ ला अडू शकते. शेवटी 'डीकेएमएस स्टेटस'मधे ६.८ समोर 'इन्स्टॉल्ड' दिसायला पाहिजे.

अन् सिक्युअर बूट (सही नसलेलं मॉड्यूल रोखणारी सोय) चालू असेल तर मधे एक पासवर्ड ठरवायला लावते, पुढच्या रिस्टार्टला निळी स्क्रीन येते. तिथं घाईत 'कंटिन्यू बूट' मारणारे खूप. 'एनरोल मोक' (मोक म्हणजे मशीनच्या मालकाची सहीची चावी) निवडून तोच पासवर्ड द्या, नाहीतर मॉड्यूल बनूनही लोड होणार नाही.

प्रश्न : ग्रामपंचायतीच्या कॉम्प्युटरवर अपडेट चालू असताना लाइन गेली. आता सुरू करताना 'अनेबल टू माउंट रूट एफएस' येऊन थांबते. डेटा गेला काय?
— एक वाचक, मेहकर तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : डेटा बहुतेक जागेवरच आहे, फॉरमॅटवाल्याकडं नेऊ नका. डिस्क उघडायला लागणाऱ्या मॉड्यूलचं एक गाठोडं असते, इनिटरॅमएफएस, ते अपडेटच्या शेवटाकडं बनते, अन् तुमची लाइन नेमकी त्याच्या आधी गेलेली दिसते. वरच्यासारखंच जुनं कर्नल निवडून आत जा, 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा, राहिलेलं काम पूर्ण होईल. जागा नाही म्हणाली तर /बूट, म्हणजे कर्नल ठेवायचं फोल्डर, भरलं आहे, 'सुडो एपीटी ऑटोरिमूव्ह' करा, चालू असलेलं कर्नल त्यात उडत नाही. हातानं मात्र /बूटमधलं काही डिलीट करू नका.